भयाची मुदत

रायपूरच्या सदर बाजारात सराफांच्या पेढ्या एकीला एक लागून उभ्या आहेत. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी, ज्या वेळी त्या रस्त्यावर पाऊल ठेवायला जागा उरत नाही, अशा वेळी एखाद्या पेढीच्या दाराशी मांडीवर दुनळी बंदूक आडवी घेऊन बसलेला पहारेकरी दिसला, म्हणजे विचारी माणसाच्या मनात एक प्रश्न सहज उभा राहतो, की या क्षणी तोंडाला फडके बांधलेले तीन इसम पिस्तूल रोखून आत शिरले, तर ही बंदूक चालविण्याचा अधिकार या माणसाला आहे काय, असल्यास तो कोठपर्यंत आहे, आणि त्याच्या गोळीने एखादा लुटारू जागीच ठार झाला तर त्या पहारेकऱ्याची वाट घराकडे जाते की तुरुंगाकडे.

याविषयी लोकांत दोन समज प्रचलित आहेत आणि दोन्ही सारखेच घातक आहेत. पहिला असा, की चोर एकदा उंबरठा ओलांडून आत आला म्हणजे त्याचे प्राण घरमालकाच्या मर्जीवर राहतात. दुसरा असा, की कायदा नेहमी मरणाऱ्याच्याच बाजूचा असतो, त्यामुळे चोरावर हात उचलण्यापेक्षा सर्वस्व त्याच्या स्वाधीन करून भिंतीकडे तोंड करून उभे राहणे शहाणपणाचे. पहिल्या समजापायी माणसे खुनाचे आरोपी झाली आहेत, आणि दुसऱ्यापायी, ज्यांना आपला जीव वाचविता आला असता अशी माणसे हात बांधून मेली आहेत. वास्तविक या देशाच्या दंडविधानाने या विषयाचा जितका बारकाईने विचार केला आहे, तितका फार थोड्या विषयांचा केला असेल. आणि त्या विचाराच्या मुळाशी असलेले तत्त्व कोणाही सामान्य माणसाला कळेल इतके सरळ आहे. लुटारू किती दुष्ट होता हे कायदा विचारीत नाही, लुटला जाणारा ऐवज किती मोलाचा होता हेही विचारीत नाही; ज्या क्षणी चाप ओढला गेला त्या क्षणी प्राणांतिक संकटाचे वाजवी भय जिवंत होते काय, एवढेच तो विचारतो. भय उपजते तेव्हा हक्क उपजतो, आणि भय संपते तेव्हा तोही संपतो.

हा हक्क रायपूरला आला त्याची हकीकत थोडक्यात सांगण्याजोगी आहे. मेकॉले यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या विधी आयोगाने १८३७ साली दंडसंहितेचा मसुदा सरकारला सादर केला, तेव्हा त्याला जोडलेल्या टिपणात आयोगाने आपली भूमिका स्पष्ट केली होती, की या देशातील रयत लुटारूंपुढे मुकाट्याने मान तुकविते हे दुःखाचे आहे, आणि म्हणून स्वसंरक्षणाच्या हक्कावर बंधने वाढवीत बसण्यापेक्षा लोकांच्या अंगी प्रतिकाराची धमक यावी अशी तरतूद करणे त्यांना अधिक इष्ट वाटते. परक्या राज्यकर्त्यांनी जित प्रजेविषयी काढलेल्या या उद्गारांतला अहंकार सहन होण्यासारखा नसला, तरी त्यांतून निघालेली कलमे उदार आहेत हे मान्य केले पाहिजे. छत्तीसगड त्या वेळी नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. १८५४ साली भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर तो कंपनी सरकारकडे गेला, १८६१ च्या नोव्हेंबरात मध्यप्रांत अस्तित्वात आला, आणि १ जानेवारी १८६२ पासून भारतीय दंडसंहिता अमलात येऊन कलमे ९६ ते १०६ या अकरा कलमांत ग्रथित झालेला खासगी संरक्षणाचा हक्क इतरांप्रमाणे रायपूरच्या रहिवाशालाही मिळाला. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. तेथे हीच अकरा कलमे ३४ ते ४४ या क्रमांकांखाली, जुजबी फेरफारांसह, जशीच्या तशी नांदत आहेत.

याच रायपुरात, ही संहिता येण्यापूर्वी चारच वर्षे, १० डिसेंबर १८५७ रोजी सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांना मृत्युदंड देण्यात आला. १८५६ च्या दुष्काळात एका व्यापाऱ्याचे धान्याचे कोठार फोडून ते उपाशी रयतेला वाटल्याच्या आरोपावरून त्यांच्यामागे सरकारचा ससेमिरा लागला होता. सरकारदप्तरी त्यांची नोंद लूटमार करणारा अशी होती, आणि आज जयस्तंभ चौकातून जाणारा प्रत्येक रायपूरकर त्यांना हुतात्मा म्हणून वंदन करतो. हा विषय येथे काढण्याचे कारण असे, की समोरचा मनुष्य कोण आहे, त्याची योग्यता काय आणि त्याला कोणते शासन झाले पाहिजे, हे ठरविण्याचे काम कायद्याने बंदूकधाऱ्याच्या हाती कधीही दिलेले नाही. त्याला दिला आहे तो केवळ आलेले संकट परतवून लावण्याचा हक्क. शिक्षेचा अधिकार राज्यसत्तेने स्वतःकडे राखला आहे, आणि तो राखून ठेवण्यातच रयतेचे कल्याण आहे असे माझे ठाम मत आहे.

आता ज्या खटल्याने या हक्काचे स्वरूप स्वतंत्र भारतात प्रथम उजळून निघाले, तो याच प्रदेशातला आहे. १९५० साली रायपूर आणि कटनी ही दोन्ही शहरे जुन्या मध्य प्रदेश राज्यात होती. त्या राज्याची राजधानी नागपूर होती आणि उच्च न्यायालयही नागपुरासच होते. त्या वर्षीच्या ५ मार्चला कटनी येथे, फाळणीनंतर येऊन राहिलेले सिंधी निर्वासित आणि स्थानिक मुसलमान यांच्यात दंगल उसळली. शहराच्या एका भागात मुसलमानांच्या हत्या झाल्या, दुकाने लुटली गेली, आणि ती वार्ता दुसऱ्या भागात दुकान चालविणाऱ्या अमजद खान यांच्यापर्यंत पोहोचते न पोहोचते तोच जमाव तेथे येऊन धडकला. अमजद खान यांचे दुकान ज्या इमारतीत होते तिच्याच दुसऱ्या भागात त्यांच्या भावाचे दुकान होते. जमावाने प्रथम तो भाग फोडला आणि लूट आरंभिली. तेथील बायकामुले जिवाच्या भीतीने अमजद खान यांच्या आश्रयाला धावून आली, आणि त्यानंतर जमाव त्यांच्याच दारावर लाठ्या हाणू लागला. त्यांनी बंदुकीचे दोन बार काढले. जमावातला एक इसम ठार झाला आणि तिघे जखमी झाले.

खालच्या न्यायालयात अमजद खान यांच्यावर खून शाबीत धरण्यात आला आणि नागपूरच्या उच्च न्यायालयानेही तो निर्णय उचलून धरला. त्या निर्णयाच्या बाजूने जे म्हणता येण्यासारखे होते ते वरवर पाहता बिनतोड भासते: दार अद्याप मोडलेले नव्हते, अमजद खान यांच्या अंगावर कोणी वार केलेला नव्हता, ज्यांच्यावर बार काढले त्यांच्या हाती बंदुका नव्हत्या, लाठ्या होत्या, मग प्राण घेण्याइतके संकट आले कोठे होते? सर्वोच्च न्यायालयात १९५२ साली या अपिलाचा निकाल न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लिहिला. नागपूरच्या वकीलवर्गातून ते पुढे आले होते, आणि ज्या उच्च न्यायालयाचा निर्णय त्यांना फिरवावा लागला त्याचे मुख्य न्यायाधीशपद त्यांनी अगदी अलीकडे भूषविलेले होते. त्यांनी प्रश्नाचा रोखच बदलला. दार मोडले होते की नाही हा प्रश्न गौण आहे. शेजारचा भाग फोडून लुटला जात आहे, शहरात आपल्या समाजाची माणसे मारली गेली आहेत, घरातील स्त्रिया आणि मुले आसऱ्याला आली आहेत आणि आपल्या दारावर लाठ्या आदळत आहेत, हे सारे ज्याच्या डोळ्यांपुढे आणि कानांवर येत होते, त्या माणसाला प्राणांतिक संकटाची धास्ती वाटली ती वाजवी होती की नव्हती, हा खरा प्रश्न. आणि ती वाजवी होती तर जमाव आत येऊन पहिला घाव घालीपर्यंत थांबून राहण्याचे बंधन कायद्याने कोणावरही घातलेले नाही. अशा घटकेला उचललेल्या पावलाचे माप सराफाच्या काट्यावर गुंजागुंजांनी करता येत नाही, नंतर शांतपणे खुर्चीत बसून ज्याला सर्व वस्तुस्थिती अवगत झाली आहे अशा तटस्थाच्या चिकित्सक दृष्टीने तर मुळीच नाही, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. अमजद खान निर्दोष सुटले.

मला या निकालाचे महत्त्व केवळ कायद्याच्या दृष्टीने वाटत नाही. दंगलीची आग अजून विझलेली नव्हती, फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, मरणारा मनुष्य स्वतःच घरदार गमावून आलेल्या निर्वासितांपैकी होता. अशा काळात न्यायासनाने कोण कोणत्या समाजाचा हे बाजूस सारून दाराआडच्या एका भयभीत माणसाच्या जागी स्वतःला उभे करून पाहिले, हे त्या पिढीच्या न्यायबुद्धीचे भूषण आहे. पुढील दशकांत स्वसंरक्षणावरचे जे जे निर्णय झाले, त्यांतील बहुतेकांना या निकालाचा आधार घ्यावा लागला आहे.

भय वाजवी असले पाहिजे, ही अट मात्र सैल नाही. अंधारात पान हलले म्हणून गोळी झाडणाऱ्याचे भय खरे असले तरी वाजवी नसते. त्याच परिस्थितीत सापडलेल्या, सामान्य धैर्याच्या आणि सामान्य समजुतीच्या माणसाला जी धास्ती वाटली असती तीच न्यायालय मानते.

मालमत्तेच्या रक्षणासाठी प्राण घेण्याची मुभा कोणकोणत्या प्रसंगी आहे, हे न्याय संहितेच्या कलम ४१ मध्ये, म्हणजे जुन्या कलम १०३ मध्ये, सांगितले आहे. जबरी चोरी हा त्यांतला पहिला प्रसंग. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी होणारी घरफोडी हा दुसरा. माणसे राहतात किंवा माल साठविला जातो अशी इमारत, तंबू किंवा जहाज आग लावून अथवा स्फोटक द्रव्याने नष्ट करणे हा तिसरा. आणि चौथ्यात चोरी, आगळीक व गृह-अतिक्रमण ही साधी कृत्ये येतात, पण ती अशा परिस्थितीत घडत असली पाहिजेत की प्रतिकार न केल्यास मृत्यू किंवा जबर दुखापत ओढवेल अशी वाजवी धास्ती वाटावी. चारही प्रसंग एकत्र पाहिले म्हणजे लक्षात येते, की कायद्याने मालमत्तेसाठी म्हणून प्राण घेण्याची परवानगी जवळजवळ कोठेच दिलेली नाही. जेथे ती दिली आहे तेथे मालमत्तेवरच्या घाल्याच्या आड माणसाच्या देहावरचा घाला दबा धरून बसलेला आहे. रात्रीच्या घरफोडीचा वेगळा उल्लेख आहे तोही याच कारणाने: झोपलेल्या कुटुंबाला अंधारात आत शिरलेल्या माणसाचा हेतू जाणून घेण्याचे साधन नसते.

चोरी आणि जबरी चोरी यांतला फरक म्हणूनच जन्ममरणाचा ठरतो. पंडरीच्या कापडबाजारात एखादा पोर गल्ल्यातील नोटांचे पुडके उचलून पळाला, तर ती चोरी. दुचाकीवरून आलेल्याने एखाद्या बाईच्या गळ्यातले मंगळसूत्र हिसडा मारून तोडले आणि तो निघून गेला, तर त्यासाठी नव्या संहितेने कलम ३०४ मध्ये हिसकावण्याचा स्वतंत्र अपराध निर्माण केला आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली आहे. या दोन्ही प्रसंगी चोराला अडविण्याचा, पकडण्याचा, ऐवज परत हिसकावून घेण्याचा आणि त्यासाठी लागेल तेवढे बळ वापरण्याचा हक्क आहे, पण त्याला गोळी घालून मारण्याचा नाही. तेच मंगळसूत्र काढून घेताना गळ्याला सुरा लावला, अथवा तत्काळ मृत्यूची, दुखापतीची किंवा अडकवून ठेवण्याची दहशत घातली, की चोरीची जबरी चोरी होते आणि संरक्षणाच्या हक्काची सीमा एकदम विस्तारते. ती दहशत त्या बाईवर आलेली असली आणि बंदूक रस्त्यापलीकडच्या दुकानदाराच्या हाती असली, तरी फरक पडत नाही. दुसऱ्याच्या देहाचे आणि मालमत्तेचे रक्षण करण्याचा हक्कही कायद्याने प्रत्येकाला दिला आहे, आणि मला या तरतुदीत नागरिकत्वाची मोठी थोर कल्पना दिसते.

हक्काचा अंत केव्हा होतो, हा या प्रकरणाचा गाभा. बहुसंख्य माणसे येथेच फसतात, कारण भय ओसरल्यावर त्याच्या जागी जो संताप उसळतो तो अंगात तितकाच थरकाप उत्पन्न करतो आणि त्या घटकेला माणसाला दोहोंतला भेद ओळखू येत नाही. कलम ४३ म्हणते, की जबरी चोरीविरुद्धचा हक्क, लुटारू मृत्यू, दुखापत अथवा गैरनिरोध घडवीत आहे किंवा घडवू पाहत आहे, अथवा तत्काळ मृत्यूची, तत्काळ दुखापतीची किंवा तत्काळ अडकविले जाण्याची भीती कायम आहे, तोवरच टिकतो. साध्या चोरीविरुद्धचा हक्क याहून अधिक काळ, चोर ऐवजासह निसटून जाईपर्यंत, किंवा सरकारी मदत मिळेपर्यंत, किंवा ऐवज हाती येईपर्यंत चालतो खरा, पण त्या वाढीव मुदतीत प्राण घेण्याची मुभा सहसा उरत नाही. रात्रीच्या घरफोडीच्या बाबतीत चोर घरात आहे तोपर्यंत हक्क चालू राहतो. लुटारूंनी पेढीतला ऐवज पिशवीत भरला, पिस्तुले कमरेला खोवली आणि ते दुचाकीवर बसून निघाले, की सराफाचे नुकसान जितके अधिक तितका त्याचा राग अधिक असला, तरी गोळी घालून त्यांचा प्राण घेण्याचा त्याचा हक्क त्या ठिकाणी सरला. तेच लुटारू पळता पळता मागे वळून गोळ्या झाडीत असतील, तर भय जिवंत आहे आणि हक्कही जिवंत आहे.

या सीमेची सर्वांत स्पष्ट आखणी एका मराठी न्यायमूर्तींच्या हातून झाली. सातारचे प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर, जे पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले, त्यांनी पंजाबातील जय देव खटल्यात लिहिलेला निर्णय १९६३ च्या न्यायनिर्णयसंग्रहांत छापलेला आहे. शेतजमिनीच्या ताब्यावरून झालेल्या त्या झगड्यात, प्रतिपक्षाची माणसे पांगून पळत सुटल्यावरही त्यांच्यावर लांबून गोळ्या झाडण्यात आल्या होत्या. न्यायमूर्तींनी प्रथम हक्काचे उदार स्वरूप मान्य केले. संकटात सापडलेल्याने आपल्या बचावाचे बळ तोळामाशाने मोजून वापरावे अशी अपेक्षा करता येत नाही, हे त्यांनीही सांगितले. पण ज्या कारणाने धास्ती वाटत होती ते कारण नाहीसे झाले, आक्रमक नामोहरम झाला अथवा पळत सुटला, की संरक्षणाचा प्रसंगच उरत नाही, आणि त्यानंतर झाडलेल्या गोळीला हा हक्क आपल्या पदराखाली घेऊ शकत नाही, असा त्यांच्या निर्णयाचा निष्कर्ष आहे. पुढे १९७४ साली, बदायूंच्या भाजीमंडईत सकाळच्या बाचाबाचीनंतर बंदूक घेऊन परत आलेल्या बापलेकांच्या खटल्यात, न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी तेच तत्त्व दुसऱ्या बाजूने मांडले: जो स्वतः संकट शोधीत जातो त्याला बचावाचा हक्क सांगता येत नाही, आणि सूड हा बचावाचा प्रकार नव्हे.

इंग्लंडातल्या एका प्रकरणाने हाच वाद तेथील घराघरांत नेला होता. १९९९ च्या ऑगस्टात नॉरफोक परगण्यात एका एकाकी शेतघरात राहणाऱ्या टोनी मार्टिन या शेतकऱ्याने रात्री घरात शिरलेल्या दोन चोरांवर बंदूक झाडली, आणि त्यांपैकी सोळा वर्षांचा एक मुलगा पाठीत छर्रे लागून मेला. ज्यूरीने मार्टिन यांना खुनाचे दोषी ठरविले. २००१ साली अपील न्यायालयाने त्यांच्या मानसिक अवस्थेचा विचार करून तो दोष सदोष मनुष्यवधावर आणला, पण स्वसंरक्षणाचा बचाव मान्य केला नाही. अर्धे इंग्लंड त्यांच्या बाजूने हळहळले. पूर्वी चोऱ्या झालेल्या घरात एकट्याने राहणाऱ्या माणसाच्या रात्री कशा जात असतील याची कल्पना मला करता येते. तरीही त्या मुलाला लागलेले छर्रे पाठीत होते, ही गोष्ट हळहळीने पुसली जात नाही.

जेथे रक्षण करणारा मनुष्य जागेवरच नसतो तेथे काय, हा प्रश्न छत्तीसगडात विशेष जिव्हाळ्याचा आहे. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी, शिकारीसाठी, क्वचित चोरांच्या धास्तीने, शेताभोवती विजेची उघडी तार ओढण्याची प्रथा या बाजूला आहे आणि तिने जनावरांबरोबर माणसेही मरतात. सर्वोच्च न्यायालयापुढे १९६३ साली बिहारमधून आलेल्या एका खटल्यात, शेजारच्या बाया आपला संडास वापरतात म्हणून चिडलेल्या एका इसमाने तेथे जाण्याच्या वाटेवर विजेचा प्रवाह सोडलेली तार लावून ठेवली होती आणि तिला स्पर्श होऊन एक स्त्री मृत्यू पावली होती. माझ्या जागेत ती का आली, हा त्याचा बचाव न्यायालयाने साफ फेटाळला. अतिक्रमण करणारा मनुष्य कायद्याच्या संरक्षणाबाहेर फेकला जात नाही, आणि त्याला इजा व्हावी याच हेतूने लावून ठेवलेल्या सापळ्याला खासगी संरक्षणाचे नाव देता येत नाही. याचे कारण उघड आहे. तारेला भय वाटत नाही. ती चोर आणि वाट चुकलेले मूल यांत भेद करीत नाही, आणि संकट टळले म्हणून थांबतही नाही.

सदर बाजार किंवा गोल बाजार यांसारख्या गजबजलेल्या ठिकाणी आणखी एक संकट उभे राहते. लुटारूला नेम धरून सोडलेली गोळी एखाद्या गिऱ्हाइकाला लागली तर? कलम ४४ ने याचा विचार केला आहे. प्राणांतिक हल्ल्याला तोंड देणाऱ्या माणसाला निरपराध्याला इजा होण्याचा धोका पत्करल्यावाचून स्वतःचा बचाव करताच येत नसेल, तर तो धोका पत्करण्यापर्यंत त्याचा हक्क पोहोचतो. पण ही मुभा प्राणांतिक हल्ल्यापुरती आहे. केवळ माल वाचविण्यासाठी गर्दीत बार काढणाऱ्याला तिचा आसरा मिळणार नाही, आणि दुनळी बंदुकीचे छर्रे अंतराबरोबर पसरत जातात हे ज्याला ठाऊक आहे त्याने तर ही गोष्ट मनावर कोरून ठेवली पाहिजे.

सरकारी यंत्रणेचा आश्रय घेण्यास अवसर असेल तर हक्क नाही, ही कलम ३७ मधील अट पुष्कळांना जाचक वाटते, पण न्यायालयांनी तिचा अर्थ माणुसकीने लावला आहे. ठाणे दोन फर्लांगांवर आहे एवढ्याने अवसर सिद्ध होत नाही; गळ्याशी सुरा असलेल्या माणसाला दोन फर्लांग म्हणजे दुसरा मुलूख. स्वतःची जागा सोडून पळून जावे आणि मग फिर्याद गुदरावी, अशी अपेक्षाही कायदा करीत नाही. उलट आदल्या दिवशी धमकीची चिठ्ठी आली असेल, आणि ठाण्यात वर्दी देण्याऐवजी एखाद्याने बंदुका जमवून दबा धरला असेल, तर त्याला ही अट निश्चित आडवी येईल. त्याच कलमातील दुसरी अट, की बचावासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करू नये, ही पकडलेल्या चोराच्या बाबतीत रोज पायदळी तुडविली जाते. खांबाला बांधलेल्या चोरापासून कोणाला भय असते? आपल्या डोळ्यांदेखत दखलपात्र आणि बिनजामिनी गुन्हा करणाऱ्याला सामान्य नागरिकही अटक करू शकतो, पण नव्या प्रक्रिया संहितेप्रमाणे त्याला सहा तासांच्या आत पोलिसांच्या स्वाधीन केले पाहिजे. त्या अवधीत त्याच्या अंगावर पडणारी प्रत्येक काठी हा स्वतंत्र गुन्हा आहे.

सीमा ओलांडली गेली म्हणजे प्रत्येक वेळी खूनच शाबीत होतो असे नाही. पूर्वयोजना नसताना, आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करण्याचा हेतू नसताना, सद्भावाने बचाव करता करता ज्याचा हात हक्काच्या पलीकडे गेला, त्याच्यासाठी खुनाच्या व्याख्येतच अपवाद ठेवलेला आहे. त्याचे कृत्य सदोष मनुष्यवध ठरते. शिक्षा तरीही कडक असते, जन्मठेपेपर्यंतही जाऊ शकते, पण फाशीची छाया दूर होते. हा अपवाद भयाने गोंधळलेल्या माणसासाठी आहे. पळणाऱ्याचा पाठलाग करून त्याला गाठणाऱ्यासाठी तो नाही.

न्यायालयात बचाव शाबीत करण्याचा बोजा आरोपीवर असतो, पण तो सरकार पक्षाच्या बोजाइतका जड नसतो. सरकार पक्षाला गुन्हा निःसंशय शाबीत करावा लागतो. आरोपीला आपली हकीकत अधिक संभवनीय आहे एवढे दाखविले म्हणजे पुरे, आणि तेही सरकार पक्षाच्याच साक्षीदारांच्या उलटतपासणीतून दाखविता येते. आरोपीने संरक्षणाचा हक्क तोंडाने सांगितला नसला तरी पुराव्यातून तो दिसत असल्यास न्यायालयाने तो विचारात घेतलाच पाहिजे, हेही ठरून गेले आहे. मात्र हकीकत जितकी उशिरा सांगितली जाते तितकी तिची किंमत घटते. शवविच्छेदनात गोळी समोरून शिरली की पाठीमागून हे दिसते, जखमेभोवतीच्या काजळीवरून आणि छर्ऱ्यांच्या फैलावावरून न्यायवैद्यक प्रयोगशाळेत अंतराचा अंदाज निघतो, आणि दुकानातला कॅमेरा घटकेघटकेची नोंद ठेवतो. या साक्षीदारांची जबानी फिरत नाही. म्हणून ज्याच्या हातून अशी गोळी सुटली त्याने तेथून नाहीसे न होता ११२ क्रमांकावर वर्दी द्यावी, जखमी लुटारूला रुग्णालयात नेण्याची खटपट करावी, प्रेत, हत्यारे आणि काडतुसांची टरफले जागची हलवू नयेत, परवाना व बंदूक पोलिसांच्या हवाली करून पावती घ्यावी, स्वतःच्या अंगावरच्या लहानसहान जखमांचीही वैद्यकीय नोंद करवून घ्यावी, आणि चाप ओढला त्या क्षणी समोरच्याच्या हातात काय होते, तो किती अंतरावर होता आणि त्याचे तोंड कोणीकडे होते, हे पहिल्याच जबानीत, कोणाच्या सल्ल्याने त्यात भर न घालता, जसे घडले तसे लिहवून द्यावे.